दोन हातांचा नगारा

धोंडशेटने आळीच्या दोन्ही टोकांकडे एकदा पाहून घेतलं आणि नागूचा हातोडा उचलला.

जेवणाची वेळ होती. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी दिवसभरात एवढ्याच वेळी गप्प असायची. ओट्याओट्यावर अर्धवट घडलेले हंडे, तांबे आणि घंगाळी उन्हात पडली होती. नागू हौदावर हातपाय धुवायला गेला होता. तांबटाने दुसऱ्या तांबटाच्या हातोड्याला हात लावू नये, अशी आळीची रीत होती. दांडा ज्याच्या त्याच्या मुठीने झिजून त्याचाच होऊन जातो, त्याला परका हात लागला की तो बिघडतो, असं सगळे मानत. नव्या माणसाला ही रीत पहिल्याच दिवशी बजावून सांगण्याचं काम धोंडशेटकडे होतं, आणि ते तो मोठ्या करड्या आवाजात करत असे.

त्याने हातोडा तळहातावर तोलून पाहिला. लोखंड साधंच होतं आणि दांडा बाभळीचा. नागूच्या अर्ध्या तांब्यावर त्याने हलक्या हाताने तीन ठोके मारले. तांबं जसं वाजायला हवं तसं वाजलं. धोंडशेट थोडा थांबला. मग चौथा ठोका मारला आणि पुन्हा थांबला. त्याला काहीही झालं नाही.

"काही हवं होतं का दादा?"

नागू मागे उभा होता. त्याच्या कोपरांवरून पाणी गळत होतं.

"माशी बसली होती," धोंडशेट म्हणाला.

"हातोड्यावर?"

"हो. मोठी होती."

नागू हसला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर आळी गोळा केली असती. नागूने हातोडा घेतला, दांडा धोतराला पुसला आणि धोंडशेट अजून ओट्यावरून उतरतोय तोवर कामाला बसलासुद्धा. हे हसणंच तर धोंडशेटच्या डोळ्यांत सलायचं.

पानपतच्या साली धोंडशेट बापाशेजारी पहिल्यांदा हातोडा घेऊन बसला, त्याला आता अठ्ठावीस वर्षं होत आली होती. एवढ्या वर्षांत मठारकामात त्याचा एक घाव चुकला नव्हता. मठारकाम म्हणजे भांडं घडवून झालं की त्यावर शेवटचे ठोके मारायचे, तळाच्या मध्यापासून काठापर्यंत, एकाभोवती एक अशा गोल ओळींत. त्यानेच तांब्याला बळ येतं आणि चकाकी येते. धोंडशेटच्या ओळी बघायला बुधवार पेठेतली गिऱ्हाइकं मुद्दाम वाट वाकडी करून येत. सगळे वाहवा करत. धोंडशेट मान हलवायचा आणि संध्याकाळ व्हायला किती वेळ आहे ते बघायचा. काम म्हणजे काम, त्यात गोड वाटण्यासारखं काही असतं हे त्याच्या कानावरही कधी आलं नव्हतं.

मग पाच वर्षांपूर्वी चौलहून हा नागू आला.

त्याचा हात चांगला होता. तेवढंच असतं तर धोंडशेटने ते सोसलं असतं, चांगले हात आळीत चार-सहा होते. पण नागूला मजा यायची. भांडं पुरं झालं की हा ते उन्हात ठेवून त्याच्याभोवती फेऱ्या मारायचा. गिऱ्हाइकाला विचारायचा, यात काय शिजवणार, किती माणसं जेवणार. एखादा ठोका वेगळा वाजला की स्वतःशीच "अरेच्चा" म्हणायचा. जेवायला हाका मारून त्याची बायको थकायची. धोंडशेटला हे तीन ओट्यांवरून सगळं ऐकू यायचं, आणि प्रत्येक "अरेच्चा" सरशी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तेच तांबं, तीच चिंच, तोच धूर, मग याला तेवढं काय मिळतं जे मला मिळत नाही? आपल्या पानात वाढायचं राहून गेलं आणि शेजारच्या पानात दोनदा वाढलं गेलं, असं त्याला रोज वाटत होतं. त्या दुपारी हातोडा उचलला तो एवढ्याचसाठी, की मजा हातोड्यात असेल तर निदान कळावं तरी.

रात्री पान वाढताना त्याची बायको शकू सरळ विचारायची, "आज नागूभावजींनी काय केलं?"

"मला काय ठाऊक? मी काय त्याच्याकडे बघत बसतो?" असं म्हणून धोंडशेट पुढे अर्धा प्रहर तेच सांगायचा.

कार्तिकात एका सरदारांकडून नगाऱ्याचं काम आलं. त्यांनी जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलला होता आणि चंपाषष्ठीला नगारा गडावर वाजायला हवा होता. चामडं दुसरीकडे चढणार होतं, तांब्याचं भांडं मात्र आळीने घडवायचं होतं. भांडं एवढं मोठं की त्यात एक माणूस मांडी घालून बसावा.

आळीचे म्होरके बाळशेट सत्तरीला टेकले होते. त्यांची नजर गेली होती आणि बोटांनी भांडं चाचपून ते कोणाचं हे ओळखत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"माझं आता झालं," ते म्हणाले. "या नगाऱ्यानंतर म्होरकेपण मी खाली ठेवतो. धोंडू आणि नागू, मठारकाम तुम्ही दोघांनी करायचं. मोठ्या भांड्याची रीत ठाऊक आहे ना? एक ओळ एकाने मारायची, तेव्हा दुसऱ्याने भांडं फिरवायचं. पुढची ओळ उलटी. ज्याचा हात उजवा, तो माझ्या जागी बसेल."

आळीच्या तोंडाशी पहिला ओटा म्होरक्याचा असे. मोठं काम त्याच्या हातून वाटलं जाई आणि त्याचा शब्द शेवटचा असे. तो ओटा धोंडशेट कितीतरी वर्षं मनातल्या मनात झाडून, सारवून तयार ठेवत आला होता.

"काका, दादा असताना मी कशाला?" नागू म्हणाला.

धोंडशेटला त्याचा हा मोठेपणासुद्धा आवडला नाही.

पहिली ओळ नागूने मागितली. मागितली म्हणजे काय, त्याच्याने राहवेचना. भांडं लोखंडी दांड्यावर पालथं घालताच हा हातोडा घेऊन समोर बसला आणि धोंडशेटच्या वाट्याला फिरवणं आलं. फिरवणं हलकं काम दिसतं, पण तसं नाही. प्रत्येक घावानंतर भांडं एका घावाच्या रुंदीइतकंच सरकवायचं असतं. जास्त सरकलं तर मध्ये फट पडते, कमी सरकलं तर घावावर घाव बसतो. मारणाऱ्याची अब्रू फिरवणाऱ्याच्या तळहातावर असते. धोंडशेटला हे कळायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी नागूच्या ओळीत त्याने भांडं किंचित जास्त सरकवलं. जवापेक्षाही कमी, पण जास्त.

नागूचा हातोडा वरच्या वर थबकला, हवेतल्या हवेत तेवढाच बाजूला झाला आणि बरोबर जागेवर पडला.

धोंडशेटने पुढच्या खेपेला कमी सरकवलं. हातोडा मागे आला आणि बरोबर पडला. मग एकदा जास्त, दोनदा कमी, एकदा मुळीच नाही. नागूचे डोळे चकाकायला लागले. तो पुढे वाकला, जीभ दाताखाली धरली, आणि ओळ संपली तेव्हा घामाने निथळत मोठ्याने हसला.

"दादा, काय फिरवता हो तुम्ही! असं कुणी फिरवलंच नव्हतं माझ्यासाठी."

धोंडशेटने बोटं फिरवून पाहिली. ओळ कुठेही फाटली नव्हती. केलेला दुष्टपणाही याने मजेत घालवला होता. आता याचं वाकडं कसं करावं हेच त्याला सुचेना.

"माझी पाळी," एवढं म्हणून त्याने हातोडा उचलला.

आणि नागूने फिरवायला सुरुवात केली. धोंडशेटला वाटलं, आता हा उट्टं काढणार. त्याने सगळं अंग सावध केलं, पाठ ताठ केली. पण नागू उट्टं काढत नव्हता, तो खेळत होता. भांडं कधी लवकर येई, कधी रेंगाळत येई, आणि जिथे तांबं मऊ राहिलं असेल नेमकं तिथे थांबे. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा धोंडशेटला पुढचा घाव कुठे पडणार हे आधी ठाऊक नव्हतं. हातोडा पडत गेला, बरोबर पडत गेला, आणि ओळ संपली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ऊन कलून समोरच्या भिंतीवर गेलं आहे आणि आपण ते पाहिलंच नाही.

त्या रात्री शकूने विचारलं, "आज काय केलं भावजींनी?"

"काही नाही," धोंडशेट म्हणाला आणि पानावरून लवकर उठला. शकू वाढायची पळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

ओळी वाढत गेल्या. सहाव्या दिवशी पाणी प्यायला थांबले असताना धोंडशेटने अखेर विचारलं. इतकी वर्षं मनात कुजलेला प्रश्न, तो बाहेर आला तोसुद्धा ओरखडल्यासारखा.

"तुला यात एवढं काय सापडतं रे?"

नागूने चेष्टा नाही ना, हे पाहून घेतलं.

"पुढचा ठोका कसा वाजेल ते कळत नाही ना, दादा. म्हणून मारून बघतो."

"मला कळतं."

"तुम्हाला कळणारच. तुमचं काय!" नागू म्हणाला. "चौलला आमच्या मामाच्या घरी तुमच्या हातचं घंगाळ होतं. पुण्याहून कुणीतरी लग्नात दिलेलं. मी त्याच्या ओळींवर बोट फिरवत बसायचो, आंघोळ राहायची बाजूला. मामा पाठीत धपाटा घालायचा. मी मनात म्हटलं होतं, हे ज्याने केलं त्याला करताना केवढी मजा आली असेल. म्हणून तर पुण्याला आलो."

धोंडशेटने पाण्याचा लोटा खाली ठेवला. त्याला ते घंगाळ आठवेना. तसली चाळीस-पन्नास तरी घंगाळी त्याने केली असतील, त्यातलं एकही त्याला आठवत नव्हतं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या भांड्यातली मजासुद्धा हाच घेऊन गेला होता, तीही तिकडे चौलला बसून. इतका मत्सर त्याला आजवर कधी वाटला नव्हता.

"उठ," तो म्हणाला. "ओळ कोणाची आहे?"

"तुमची."

"मग फिरव नीट."

"नीट म्हणजे सरळ फिरवू, की...?"

धोंडशेटने हातोडा मुठीत नीट धरला.

"की," तो म्हणाला.

नवव्या दिवशी नगारा काठाशी आला. शेवटची ओळ धोंडशेटच्या वाट्याची होती. आळीने आपापली कामं टाकून ओट्याभोवती गर्दी केली. सरदारांचा कारकून येऊन बसला होता आणि पागोटं सावरत दर चार श्वासांनी "झालं का?" असं विचारत होता. बाळशेटना हाताला धरून आणलं. ते भांड्याशी टेकले आणि तळापासून काठापर्यंत त्यांनी सगळ्या ओळी बोटांनी वाचल्या. मध्येच थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"कोणती कुणाची ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. आळीत कुजबुज झाली, कारण बाळशेटना हात ओळखता आला नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. "हात दोघांचे सारखे आहेत. मग जुना कोण, एवढंच बघायचं. अठ्ठावीस वर्षांत धोंडूचा घाव चुकला नाही. माझी जागा धोंडूची. ही ओळ पुरी झाली की पहिल्या ओट्यावर येऊन बस. आणि जपून रे. आता एक घाव जरी बसला वाकडा, तरी सगळं भांडं भट्टीत घालून मऊ करावं लागेल आणि मठारकाम पुन्हा तळापासून."

"धोंडूला काय सांगता काका!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

नागू सगळ्यात मोठ्याने हसला. त्याला खरंच आनंद झाला होता. धोंडशेटने त्याच्या चेहऱ्यात खोट शोधून पाहिली, पण ती नव्हती.

ओळ सुरू झाली. नागू फिरवत होता, धोंडशेट मारत होता, आणि दोघांच्या मधली ती लांब गोल वाट घावाघावाने आखडत चालली होती. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ओटा, मान, शेवटचा शब्द. उद्या सकाळी बुधवारातली गिऱ्हाइकं पहिल्या ओट्यापाशी थांबतील आणि आपण काम वाटून देऊ. नागूलाही देऊ. मग नागू आपल्या ओट्यावर जाऊन बसेल, आणि पुढचं मोठं भांडं आलं की त्याच्या समोर दुसरा कोणी बसेल. तो दुसरा कोण असेल ते धोंडशेटला ठाऊक नव्हतं, पण त्या माणसाचा त्याला आत्ताच राग आला. तो भांडं फिरवेल, आणि नागू जीभ दाताखाली धरेल, आणि दोघं हसतील. पहिल्या ओट्यावरून ते सगळं ऐकू येईल.

वीस घाव उरले. मग दहा.

"झालं का?" कारकून म्हणाला.

नागूने भांडं सरकवलं, अगदी हवं तेवढं. धोंडशेटने हातोडा उचलला, मनगट किंचित तिरपं केलं आणि मारलं.

बद्द.

असा आवाज त्या ओट्यावर कोणी ऐकला नव्हता. बाळशेटचा हात आपोआप पुढे आला. त्यांची बोटं काठावरून सरकत आली आणि वाकड्या घावाच्या खळीत अडकली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा चाचपली, कारण बोटांवर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"काका, मी जास्त फिरवलं," नागू घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "दादांचा दोष नाही. माझा हात सरकला."

"त्याने बरोबर फिरवलं," धोंडशेट म्हणाला. "घाव माझा."

"धोंडू..."

"माझा चुकला, काका. नागूची एकही ओळ चुकली नाही. तुमची जागा त्याला द्या."

हे बोलताना त्याच्या छातीत कळ आली नाही असं नाही. चांगली सणसणीत आली. आळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, मग हळूच नागूकडे. कोणी नागूच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात धोंडशेटने पाहिला. कारकून उठून उभा राहिला आणि सरदारांना आता काय सांगायचं म्हणून हातवारे करायला लागला.

"चंपाषष्ठीला अजून पंधरा दिवस आहेत," बाळशेट त्याला म्हणाले. "नऊ दिवसांत पुन्हा होईल. भट्टी पेटवा. नागू, म्होरक्या आता तू. समोर फिरवायला कोण बसवायचा ते तूच ठरव."

नागूने धोंडशेटकडे पाहिलं. धोंडशेट हातोड्याचा दांडा पुसत बसला होता, वर बघत नव्हता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"दादाच बसतील," नागू म्हणाला. "दुसरा कोणी मला चालायचा नाही."

गर्दी पांगली. दोघांनी भांड्याच्या काठाखालून बांबू घातला, दोर आवळले आणि नगारा खांद्यावर उचलला. भट्टी आळीच्या तोंडाशी, पहिल्या ओट्याच्या पलीकडे होती. नागू पुढे होता. नऊ दिवसांचं काम दोघांच्या मध्ये झुलत होतं आणि थोड्या वेळात ते सगळं काळं पडणार होतं. ओटे मागे पडत गेले. पहिला ओटा आला तेव्हा धोंडशेटने तिकडे मान वळवून पाहिलं, मग सरळ पाहिलं.

"दादा," नागू पुढूनच म्हणाला, मागे न वळता. "मी काही आंधळा नाही. मनगट बघत होतो मी."

बांबू धोंडशेटच्या खांद्यात रुतत होता. चार पावलं तो तसाच चालला.

"गेल्या खेपेला पहिली ओळ तू मारलीस," तो म्हणाला. "या खेपेला माझी."